ग्रंथालयाच्या दारावरचं लॅटिन

प्राचार्यांनी बेल वाजवली तेव्हा लॅटिनबाई स्टुलावर उभ्या राहून पंख्याची पाती पुसत होत्या, म्हणून दार त्यांच्या धाकट्या भावाने उघडलं. समोर कोण आहे ते त्याने पाहिलं, "ताई, तुझ्याकडे आलेत," एवढंच म्हणाला आणि स्वयंपाकघरातून मागच्या दाराने निघून गेला. मागची गल्ली ओलांडून तो नेहमीच्या लांबच्या वाटेने बागेकडे वळला असणार, हे बाईंना न बघताही कळलं. सात वर्षांत त्याने कॉलेजसमोरच्या रस्त्यावर पाऊल ठेवलं नव्हतं.

धाकटा त्या लॉ कॉलेजचा ग्रंथपाल होता आणि बाई तिथेच पहिल्या वर्षाला लॅटिन शिकवत. दोघांनीही लग्नं केली नव्हती. आईवडील गेल्यावर दोघांचं मिळून एक घर होतं आणि त्या घरात जेवणाच्या टेबलावरही पुस्तकांच्याच गप्पा चालत. मग एका वर्षी मोजणीच्या वेळी कुलूपबंद कपाटातले तेवीस जुने ग्रंथ गायब असल्याचं उघड झालं. चौकशी दोन दिवसांत उरकली. प्राचार्यांनी पोलिसांना बोलावलं नाही, राजीनामा मागून घेतला, आणि त्याबद्दल सगळ्यांनी त्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. फक्त शेवटच्या दिवशी, मधल्या सुट्टीत, मुख्य दरवाज्यात पहारेकऱ्याने धाकट्याची पिशवी उघडायला लावली. पायऱ्यांवर दोनशे मुलं उभी होती. पिशवीतून डबा निघाला, छत्री निघाली, चष्म्याचं फडकं निघालं आणि एक अर्धवट विणलेला मफलर निघाला, जो बाईंनीच विणायला घेतला होता. "माणूस चांगला," प्राचार्य त्या दिवशी स्टाफरूममध्ये सुस्कारा टाकून म्हणाले होते, "पण मोह कुणाला सुटलाय?"

बाईंनी नोकरी सोडली नाही. दोघांपैकी एकाचा पगार तरी घरात यायला हवा होता. निवृत्तीला पाच वर्षं होती, ती त्यांनी काढली. रोज सकाळी प्राचार्यांना नमस्कार केला, सभांना त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या, त्यांच्या हातचा चहासुद्धा प्यायल्या. घशाखाली काय काय उतरवलं ते त्यांचं त्यांना माहीत. प्राचार्यांना मात्र वाटलं, बाईंनी झालं गेलं पोटात घातलं. म्हणून तर आज ते निःसंकोच त्यांच्या सोफ्यावर टेकले होते.

काम असं होतं. कॉलेजच्या नव्या ग्रंथालयाची इमारत पुरी होत आली होती. प्राचार्यांच्या निवृत्तीलाही चार महिनेच उरले होते, अर्थात दोन वर्षांची मुदतवाढ जवळजवळ पक्की होती, असं त्यांनी जाता जाता सांगून टाकलं. तर त्या इमारतीत, वाचनालयाच्या दारावर आतल्या बाजूने, बाहेर पडणाऱ्याला दिसेल अशी एक शिळा बसवायची होती. तिच्यावर लॅटिन हवं होतं.

"चारच शब्द," प्राचार्य म्हणाले. "भारदस्त. आणि मी ते उभं केलं, हे कुठेतरी आलं पाहिजे. माझं नाव नको, ते बरं दिसत नाही. नुसतं 'संस्थापक' म्हटलं तरी लोकांना कळेल. तुम्ही लिहिलंत की मला तपासायलाही नको."

तपासणार होते कशाने? प्राचार्यांच्या भाषणात पाच मिनिटांत तीनदा 'इप्सो फॅक्टो' यायचं आणि दोनदा 'प्रायमा फेसी', आणि त्यापलीकडे त्यांच्या लॅटिनची गाडी जात नव्हती. पण आपल्याला लॅटिन येतं असं त्यांनी इतक्या वर्षांत इतक्या जणांना सांगितलं होतं की आता कुणाला काही विचारायची त्यांना सोयच राहिली नव्हती. बाईंना हे पक्कं ठाऊक होतं.

आठ दिवसांत देते, असं बाई म्हणाल्या. दार लावून घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पंखा पुसायचं फडकं अजून आपल्या मुठीत आहे आणि मूठ दुखतेय.

त्या दुपारी त्यांनी मोठा कोश काढला. विचार करायला त्यांना वेळ लागला नाही. सात वर्षं तोच विचार चालू होता, फक्त त्याला शब्द मिळाला नव्हता. आता शब्द निवडायचा होता आणि तो बाई वर्गात शिकवताना निवडत तशाच निवडत गेल्या. लॅटिनमध्ये नाशाला काही एकच शब्द नाही. 'रुइना' म्हणजे कोसळणं, भिंत ढासळते तसं. पण तो प्राचार्यांनाही ओळखू आला असता. 'एक्सिडिउम' शहरासाठी, घरंदारं जाळून माती सपाट करतात त्यासाठी. एका माणसासाठी तो फार मोठा. 'क्लादेस' म्हणजे रणांगणातला पराभव, आणि पराभूत सेनापतीला निदान काही इज्जत असते. बोट पानावरून खाली सरकत सरकत 'एक्सिटिउम'वर येऊन थांबलं.

हा शब्द बाई दर वर्षी फळ्यावर लिहीत. 'एक्स' म्हणजे बाहेर, 'इरे' म्हणजे जाणे. त्याच धातूतून दोन शब्द झाले, सख्खी भावंडंच. 'एक्सिटुस' म्हणजे बाहेर पडणं, शेवट, साधा दरवाजासुद्धा. आणि 'एक्सिटिउम' म्हणजे जिथून परत येणं नाही असं बाहेर जाणं; विनाश. फार जुन्या काळी दोन्हींचा अर्थ एकच होता. नंतरच्या एका वैयाकरणाने नोंद करून ठेवली आहे की जुने लोक हा शब्द नुसत्या बाहेर जाण्यासाठी वापरत, आता आपण सर्वांत वाईट शेवटाला तो वापरतो. बाई मुलांना आणखी एक गोष्ट सांगत. हा शब्द सहसा एकटा येत नाही, तो कुणाच्या तरी वाट्याला येतो. ज्याच्या वाट्याला येतो त्याची चतुर्थी विभक्ती. "कुणाला, ते लिहायला विसरू नका," त्या म्हणत, आणि मुलं हसत.

त्यांनी कागद पुढे ओढला आणि लिहिलं: इंट्रॉइटुस ऑम्निबुस, एक्सिटिउम कॉन्डिटोरी. सर्वांना प्रवेश. संस्थापकाला एक्सिटिउम.

मग दुसऱ्या एका चिठ्ठीवर त्यांनी त्या जुन्या वैयाकरणाची नोंद उतरवून घेतली, तिची घडी घातली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. उद्या कुणी अर्थ काढलाच तर ती चिठ्ठी पुढे करायची: जुना वापर आहे हो, तुम्हाला ठाऊक नसेल. बाई सूड घ्यायला निघाल्या होत्या, पण सुडाला संदर्भ जोडायला विसरल्या नव्हत्या.

धाकट्याला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. तो हल्ली बोलतच कमी होता. घरी बसून एका छापखान्याची मुद्रितं तपासायचा, आणि रिकामा असला की स्वयंपाकघरातल्या डब्यांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावायचा. मसाल्यांचा वर्ग वेगळा, धान्यांचा वेगळा. बाईंना साखर सापडेनाशी झाली होती.

प्राचार्यांनी कागद वाचला, ओठ हलवत. "एक्सिट," ते समजल्यासारखं म्हणाले. "म्हणजे एक्झिट. वा."

"सर्वांना आत येऊ दे, आणि ज्याने हे उभारलं तो आता बाहेर पडतो," बाई म्हणाल्या. हे सांगताना आवाज किंचितही हलला नाही, याचं त्यांना नंतर कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं.

प्राचार्य भारावले. त्यात त्याग आहे, असं त्यांना वाटलं. दगडावर अक्षरं कोरणाऱ्या पाथरवटाकडे बाईंनी स्वतः जावं, एखादं अक्षर इकडचं तिकडे होऊ नये, अशी त्यांनी विनंती केली.

पाथरवट गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये काम करायचा. साठीचा, पांढऱ्या धुळीने भुवया माखलेला, तुसडा माणूस. त्याने कागद घेतला, अक्षरं मोजली, दगडावर खडूने ओळी आखल्या आणि मग खाली बसून विचारलं, याचा अर्थ काय. अर्थ कळल्याशिवाय तो छिन्नी लावत नसे. एकदा कुणाच्यातरी थडग्यावर त्याने भलतंच नाव कोरलं होतं, आणि नाव ज्याचं होतं तो माणूस जिवंत, धडधाकट, भांडायला आला होता.

बाई खोटं बोलणार होत्या. पण तो इतक्या सरळपणे बघत होता की त्यांना ते जमलं नाही.

"शेवटून दुसऱ्या शब्दाचे दोन अर्थ आहेत," त्या म्हणाल्या. "एक फार जुना, बाहेर जाणं. दुसरा, विनाश."

"आणि साहेबांना कुठला ठाऊक आहे?"

"एकही नाही."

पाथरवटाने खडू खाली ठेवला. या साहेबांनी गेल्या वर्षी कॉलेजच्या पायऱ्यांच्या कामावर त्याच्या जावयाला दोनशे लोकांसमोर चोर म्हटलं होतं, दोन पोती सिमेंटवरून, आणि पोती नंतर गोदामातच सापडली होती. हे सांगताना त्याने आवाज चढवला नाही. नुसतं विचारलं, "खोल कोरू?"

"जितकं जाईल तितकं," बाई म्हणाल्या.

उद्घाटन सकाळी अकराला होतं. बाई दुसऱ्या रांगेत बसल्या, मांडीवर पर्स, पर्सच्या आतल्या कप्प्यात चिठ्ठी. विश्वस्त आले होते, शहरातले नामांकित वकील आले होते, माजी विद्यार्थी गर्दी करून उभे होते. पाहुण्या म्हणून एक निवृत्त न्यायाधीशबाई होत्या, बारीक अंगाच्या, पांढऱ्या केसांच्या, ऐकताना मान एका बाजूला कलती करणाऱ्या. प्राचार्यांची त्यांच्याशी जुनी ओळख होती. प्राचार्य अशा ओळखी जपायचे. मुदतवाढीच्या समितीवर न्यायाधीशबाई होत्या हे काही कुणापासून लपलेलं नव्हतं.

प्राचार्यांनी दोरी ओढली, पडदा सरकला. काळ्या दगडावर चार शब्द, वीतभर अक्षरं, खोल. टाळ्या झाल्या. न्यायाधीशबाईंनी चष्मा चढवला आणि शिळा एकदा मनात, मग एकदा मोठ्याने वाचली. त्यांचे उच्चार स्वच्छ होते. इथे आजच, सगळ्यांसमोर, कुणी अर्थ लावू शकेल, ही गोष्ट लॅटिनबाईंनी हिशेबात धरलीच नव्हती. आपला शब्द वर्षानुवर्षं तिथे राहील, हा माणूस रोज त्याखालून जाईल आणि त्याला कळणार नाही, एवढीच त्यांची मागणी होती. आता एकदम पदरात जास्त पडणार असं दिसायला लागलं.

"मला वडिलांनी शिकवलं होतं थोडंसं," न्यायाधीशबाई माइकवरून म्हणाल्या. "प्राचार्य, आपणच अर्थ सांगावा."

प्राचार्यांनी सांगितला. सर्वांना प्रवेश, संस्थापकाला निरोप. आवाज थोडा ओलाही केला.

न्यायाधीशबाईंची मान आणखी कलली. "निरोप म्हणायचं तर 'एक्सिटुस' हवं होतं," त्या म्हणाल्या. "इथे 'एक्सिटिउम' आहे. त्याचा अर्थ विनाश. मला वाटतं, आपल्या शिळेवर असं लिहिलंय की सर्वांना प्रवेश आणि संस्थापकाचा सत्यानाश."

मागच्या बाजूला कुणीतरी फसकन हसलं. मग ते हसू रांगेरांगेने पुढे येत गेलं. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी बाईंचा तास केला होता, त्यांनी आता शिळेकडे नीट पाहिलं आणि एकमेकांना कोपरं मारली. प्राचार्यांचं तोंड लाल झालं, पांढरं झालं, आणि मग, बाईंना ते अगदी जवळून दिसलं, त्या तोंडावर हळूहळू दुःख आलं. समजूतदार, मोठ्या मनाचं दुःख.

"दोष माझा आहे," प्राचार्य माइकपाशी जाऊन म्हणाले. "आपल्या जुन्या बाईंवर मी या वयात हा भार टाकायला नको होता. माणूस थकतो, शब्द विसरतात. बाई चांगल्या आहेत. आपण कुणीही त्यांना हसू नये."

सगळा सूर तोच होता. 'माणूस चांगला, पण.' सात वर्षांपूर्वी त्यांच्या भावाला ज्या आवाजात गाडलं होतं, त्याच आवाजात आज त्यांना गाडत होते, आणि लोक त्यांच्याकडे कणवेने वळून बघायला लागले होते.

पर्समधली चिठ्ठी काढायची हीच वेळ होती. जुना वापर आहे, असं म्हटलं असतं तर बाई विद्वान ठरल्या असत्या, न्यायाधीशबाईंनी कदाचित हसून मान डोलावली असती, आणि कार्यक्रम चहापाशी गेला असता. थकव्याने चुकले, असं म्हटलं असतं तरी सुटका होती. बाईंनी पर्सला हातही लावला नाही. त्या उठून उभ्या राहिल्या. त्यांना माइक लागला नाही; चाळीस वर्षं त्यांनी शंभर शंभर मुलांच्या वर्गात माइकशिवायच शिकवलं होतं.

"चूक नाहीये," त्या म्हणाल्या. "एक्सिटिउमच लिहिलंय. कोश उघडून, शोधून लिहिलंय. विनाश याच अर्थाने."

मग त्या विश्वस्तांच्या रांगेकडे वळल्या.

"माझा भाऊ इथे ग्रंथपाल होता. तेवीस ग्रंथ गेले म्हणून त्याला याच कॉलेजच्या दारातून पिशवीची झडती घेऊन बाहेर काढलं. त्या कपाटाच्या किल्ल्या दोन होत्या. एक त्याच्याकडे होती, एक प्राचार्यांकडे. चौकशी एकाच किल्लीची झाली. मी पाच वर्षं इथे गप्प बसून नोकरी केली, ते माझं चुकलं. दगडावर काही चुकलेलं नाही."

प्राचार्य म्हणाले की ही बदनामी आहे, याचे परिणाम होतील. विश्वस्तांच्या अध्यक्षांनी कुणालातरी खूण केली. पहारेकरी दोन पावलं पुढे आला आणि तिथेच थबकला, कारण न्यायाधीशबाईंनी हात वर केला होता.

"कुठले ग्रंथ?" त्यांनी विचारलं.

बाईंना यादी पाठ होती. धाकटा ती झोपेत बडबडायचा. त्या एकेक सांगत गेल्या आणि सातव्या नावाला न्यायाधीशबाईंनी त्यांना थांबवलं. करारांच्या कायद्यावरचा, लाल चामड्याच्या बांधणीचा?

"दोन खंड," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर आतून शाईचा डाग आहे. माझ्या भावाच्याच हातून पडलेला. त्याचं त्याला फार वाईट वाटलं होतं."

न्यायाधीशबाई हळूच खुर्चीत बसल्या. भाषणही केलं नाही. चहा न घेता गाडीत बसून गेल्या.

बाई घरी चालत आल्या. आतून त्यांना काहीतरी भयंकर गोड वाटत होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. वाटेत दोनदा त्यांनी प्राचार्यांचं लाल होऊन पांढरं पडलेलं तोंड आठवलं, आणि दोन्ही वेळा सावकाश, चवीने.

तेराव्या दिवशी पार्सल आलं. लाल चामड्याचे दोन खंड आणि एक पत्र. सात वर्षांपूर्वी प्राचार्यांनी हे पुस्तक आपल्याला खासगी संग्रहातलं म्हणून भेट दिलं होतं, असं न्यायाधीशबाईंनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. पहिल्या पानावर शिक्का खरवडल्यासारखा दिसतो हे त्यांनी तेव्हाच पाहिलं होतं आणि विचारलं नव्हतं. न विचारल्याबद्दल त्यांनी माफी मागितली होती. पत्राची एक प्रत विश्वस्तांकडे गेली होती.

मग भराभर झालं. आणखी पाच जणांनी आपापल्या दिवाणखान्यांतून आपापली भेट परत पाठवली, बहुतेकांनी नाव न लिहिता. तेवीसपैकी नऊ ग्रंथ मिळाले. मुदतवाढ गेली, आणि उरलेले महिनेही प्राचार्यांनी रजेवर काढले. शिळा फोडायला माणूस बोलावला तेव्हा पाथरवटाने निरोप पाठवला की अक्षरं फार खोल गेलीत, दगड काढला तर चौकटही येईल. शेवटी तिच्यावर नोटिसांचा फळा ठोकला. आणि विश्वस्तांचं पत्र धाकट्याच्या नावाने आलं. आरोप मागे घेतला होता, दिलगिरी होती, पूर्वीच्या पदावर परत येण्याची विनंती होती.

बाईंनी ते पत्र त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि मोठ्याने वाच म्हणाल्या. त्याच्या तोंडून त्यांना ते ऐकायचं होतं. तो वाचेना. त्याने आधी लाल खंड घेतला, मागचा पुठ्ठा उघडला, शाईच्या डागावरून अंगठा फिरवला. उद्घाटनात काय झालं ते त्याला छापखान्यातल्या माणसाकडून कळलंच होतं. घरात त्यावर तो एक अक्षर बोलला नव्हता.

"ताई," तो म्हणाला, "तू ते सगळ्यांसमोर म्हणालीस? दोन किल्ल्यांचं?"

"म्हणाले."

"म्हणजे तुझा विश्वास होता माझ्यावर?"

बाईंना आधी प्रश्नच कळला नाही.

"तू तिथेच राहिलीस," तो म्हणाला. "रोज त्यांच्याशेजारी बसायचीस, चहा प्यायचीस. घरी येऊन एकदाही म्हणाली नाहीस की तू हे केलेलं नाहीस. मला वाटलं, तुलाही वाटत असेल मीच नेले म्हणून. आणि तरी मला सांभाळतेयस."

त्याने हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. क्रमांक चुकलेल्या पुस्तकाबद्दल सांगावं तसं सांगितलं. बाई समोरच्या खुर्चीत बसल्या. हे सांगायचं असतं हे त्यांना सुचलंच नव्हतं. त्यांच्या लेखी ते सूर्य उगवण्याइतकं उघड होतं. सात वर्षं या स्वयंपाकघरात दोघं समोरासमोर जेवले होते. बाई रोज मनातल्या मनात प्राचार्यांना मारत होत्या, आणि समोर बसलेला माणूस आपण बहिणीच्याच संशयाखाली जेवतोय असं समजून जेवत होता.

"गाढवा," त्या अखेर म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आलं. तो उठून पाणी आणायला गेला, आणि पेला कुठे ठेवलाय ते त्यालाही सापडेना.

तो कॉलेजात परत गेला नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका सार्वजनिक वाचनालयात लागला, जिथे म्हातारी माणसं वर्तमानपत्रं वाचायला येतात आणि मुलं गोष्टींची पुस्तकं फाडतात. जाताना कॉलेजसमोरच्या रस्त्याने जातो. तो आता पूर्वीसारखा बोलतो. बाईंवर कधीकधी चिडतोही, आणि त्याचं चिडणं बाईंना बरं वाटतं.

पण ती सात वर्षं त्यांच्या मनातून जाईनात. ती त्यांनी धाकट्याची म्हणून प्राचार्यांच्या खाती मांडली होती. आता त्या दोषात बाईंचा स्वतःचाही वाटा निघाला होता. त्यामुळे प्राचार्यांवरचा राग कमी व्हायला हवा होता. झाला नाही, उलट वाढला.

त्यानंतर वर्षभराने बाई डोळ्यांच्या दवाखान्यात बसल्या होत्या. दुपारी चारची वेळ, भिंतीवर लाल आकड्यांची पाटी, एकेक नंबर बदलत होता. शेजारच्या खुर्चीत एक गृहस्थ येऊन बसले. डोळ्यांत औषध घातलेलं, पापण्या मिटलेल्या, हातात नंबराचा कागद. बरेच वाळले होते, म्हणून बाईंना ओळखायला क्षणभर लागलं.

"जरा सांगता का," प्राचार्य त्यांच्या दिशेने म्हणाले, "एकेचाळीस लागला का?"

पाटीवर एकेचाळीसच होता.

"नाही अजून," बाई म्हणाल्या.

प्राचार्यांनी आवाज ओळखला नाही. आभार मानले. पाटीवर बेचाळीस आला, मग त्रेचाळीस. प्राचार्य मान वर करून, डोळे मिटून, आज्ञाधारकपणे बसून होते; मधेच पायाने जमिनीवर हलकेच ताल धरत होते. चव्वेचाळीस आला. बाईंनी त्यांच्याकडे भरपूर पाहून घेतलं. कॉलर मळलेली होती. शर्टाचं एक बटण चुकीच्या काज्यात गेलं होतं.

मग त्या उठल्या आणि काउंटरवरच्या नर्सजवळ गेल्या.

"त्या गृहस्थांचा नंबर हुकलाय," त्या म्हणाल्या. "एकेचाळीस."

"हुकला कसा?" नर्सने विचारलं. "त्यांनी विचारायचं ना कुणाला."

"त्यांनी विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "मीच सांगितलं नाही."

नर्सने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि एकेचाळीसची फाईल पुढे ओढली. बाई परत आपल्या खुर्चीत, त्यांच्या शेजारी, जाऊन बसल्या.